पातेल्यातला धडा

शाळेत ‘पर्यावरण’ हा विषय आहे म्हणूनच मुलांना पर्यावरण समजेनासे झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचकांनी ऐन सणात रागावू नये. आधी ऐकून घ्यावे.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय सक्तीने शिकवावा असे सांगितले. हेतू उत्तम होता. परंतु आपण काय केले? निसर्गाचे प्रश्नोत्तरांत तुकडे केले आणि ते वहीत वाळत घातले. मग आला ‘प्रकल्प’. कोपऱ्यावरच्या दुकानातून झाडांच्या चित्रांचा तक्ता आणावयाचा, आईने कापावयाचा, बाबांनी चिकटवावयाचा, वर प्लॅस्टिकचे वेष्टन घालावयाचे आणि आत सुवाच्य अक्षरात लिहावयाचे, ‘प्लॅस्टिक टाळा’! याला दहापैकी दहा गुण.

आणि सरकारी व अनुदानित शाळांतून रोज दुपारी पातेले उतरते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. एवढा मोठा धडा रोज पानात वाढला जातो आणि तो कोणी शिकवीत नाही. हा तांदूळ कोठे पिकला, त्याला पाणी किती लागले, कोरडवाहू रानात ज्वारीच का तगते, १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असताना ती पानात इतकी क्वचित का? यांतला एकेक प्रश्न म्हणजे भूगोल, गणित आणि विज्ञानाचा एकेक तास आहे. २०२३ हे वर्ष भारताच्याच सूचनेवरून जगाने भरडधान्य-वर्ष म्हणून साजरे केले. आम्ही घोषवाक्ये पाठ केली, भाकरी राहिलीच.

हे काही परदेशातून आणलेले खूळ नव्हे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातच्या कामातून शिक्षण द्यावे हा विचार मांडला. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर, गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर नेली. आम्ही त्यांच्या तसबिरी भिंतीवर लावल्या आणि वर्गाचे दार लावून घेतले.

यावर सुशिक्षित पालक म्हणतील, ‘आमच्या मुलाने माती कशाला उपसावयाची? त्याला पुढे परीक्षा आहेत.’ मी उलट विचारतो : ज्या शेतकऱ्याच्या मुलीला वाफसा कळतो, रानभाज्या ओळखता येतात, तिच्या ज्ञानाला तुमच्या परीक्षेत एक तरी गुण आहे काय? शाळेत येऊन ती पहिली गोष्ट शिकते ती ही, की घरचे ज्ञान लपवावयाचे असते. शहरातले मूल अडाणी राहते आणि खेड्यातले मूल लाजते. हे नुकसान कोणत्या प्रगतिपुस्तकात मांडावयाचे?

आणि हवामान? १९५८ साली हवाई बेटावर मौना लोआ येथे मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. ही भर दुसरीतल्या पोराने घातलेली नाही. तरी शपथ त्यालाच, ‘मी पंखा बंद करीन.’ थोरांचे कर्ज त्याच्या नावावर चढवावयाचे आणि वर उपदेशही त्यालाच! शपथ राहू द्या. त्याला पर्जन्यमापक द्या. अंगणातला पाऊस रोज मोजू द्या, वर्षावर्षाच्या नोंदी भिंतीवर लिहू द्या. थोरांना जाब कसा विचारावा हे मग तो आपणच शिकेल.

माझी मागणी मोठी नाही. आठवड्याचे दोन तास, शाळेमागचे दोन वाफे, आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंना शिक्षिकेचा मान. हेही ज्यांना अवघड वाटते त्यांनी आज अंगणात पाहावे. मुले दगडमातीचा किल्ला रचतात, त्यावर हळीव-मोहरी पेरतात आणि पहाटे उठून कोंब पाहावयास धावतात. ना गुण, ना तक्ता, ना शपथ! हल्ली तयार किल्ले विकत मिळतात म्हणे. ते यंदा आणू नका. हात चिखलाने भरू द्या. फराळाआधी धुवावयास लावले म्हणजे झाले.