उन्हाच्या मोटारीला खर्चाची मर्यादा

आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी, विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या आणि उन्हावर चालणाऱ्या मोटारींची स्पर्धा भरवावी, असा विचार गेल्या काही दिवसांत मी ज्या ज्या शिक्षकापुढे, वर्कशॉपवाल्यापुढे वा व्यापाऱ्यापुढे मांडला, त्यांपैकी कोणीही मुलांच्या कुवतीविषयी किंवा उन्हाच्या सामर्थ्याविषयी संशय व्यक्त केला नाही. प्रत्येकाने विचारले ते एवढेच, की याचा खर्च कोण करणार? प्रश्न रास्त आहे, आणि जेथे कापसाच्या भावावर मुलाच्या शिक्षणाची पुढची इयत्ता अवलंबून असते तेथे तो सर्वांत आधी विचारला जावा, हेही स्वाभाविकच आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी २००७ सालापासून ‘बाहा’ नावाची जी अखिल भारतीय मोटार-स्पर्धा भरत आली आहे, तिच्यातील एकेका गाडीवर लाखांच्या हिशेबाने पैसा लागतो, तो उभा करण्यासाठी विद्यार्थ्यांना आश्रयदाते शोधीत फिरावे लागते, आणि साहजिकच आमच्याकडच्या मुलाच्या वाट्याला त्या स्पर्धेचे वर्तमानपत्रातील छायाचित्र तेवढे येते. माझे म्हणणे असे, की खर्चाचा हा प्रश्न वाटेतील अडसर समजून त्यावर देणग्यांचा उतारा शोधण्यापेक्षा त्यालाच नियमावलीत पहिल्या कलमाचे स्थान द्यावे: ज्या गाडीवर पंचवीस हजार रुपयांहून अधिक खर्च झाला असेल ती गाडी, मग ती कितीही देखणी आणि वेगवान असो, आरंभरेषेवर उभी राहणार नाही.

या प्रकारच्या शर्यतींचा इतिहास तसा जुना नाही. हान्स थोल्स्ट्रुप नावाच्या साहसी गृहस्थाने लॅरी पर्किन्स या शर्यतपटूला बरोबर घेऊन डिसेंबर १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ येथून सूर्यशक्तीवर चालणारी एक गाडी बाहेर काढली आणि सुमारे चार हजार किलोमीटरांचा प्रवास वीस दिवसांत पुरा करून ती पूर्व किनाऱ्यावरील सिडनीला पोहोचविली. त्या गाडीचा सरासरी वेग ताशी तेवीस किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे आपल्याकडे चांगल्या रस्त्यावर नेटाने सायकल हाकणाऱ्या तरुणाच्या वेगाहून फारसा निराळा नव्हता. तरीही एका खंडाची रुंदी इंधनाचा एक थेंब न जाळता ओलांडता येते, ही गोष्ट त्या मंद वेगाने कायमची सिद्ध केली. याच थोल्स्ट्रुपने १९८७ मध्ये डार्विन ते ॲडलेड अशी तीन हजार किलोमीटरांची जागतिक शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी जनरल मोटर्स या बलाढ्य अमेरिकन कंपनीच्या ‘सनरेसर’ने ताशी जवळजवळ सदुसष्ट किलोमीटरच्या सरासरीने ती जिंकली, आणि ज्याच्या तिजोरीत बळ त्याच्या चाकात बळ, असे लोकांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्याच वर्षी तिसऱ्या क्रमांकावर स्वित्झर्लंडमधील बील या घड्याळांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावच्या अभियांत्रिकी शाळेची गाडी होती, आणि पुढच्या, १९९० च्या शर्यतीत त्याच शाळेने होंडासारख्या कंपनीला मागे टाकून पहिला क्रमांक मिळविला. त्या शाळेलाही पैसा लागला असणारच. पण ज्या गावाच्या अंगवळणी बारीक काम पडलेले आहे, त्या गावच्या विद्यार्थ्यांना जगापुढे येण्यासाठी आपल्या गावचा तो गुण सोडावा लागला नाही, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

आता आपल्या आवाक्यातील गाडीचा हिशेब पाहू. निरभ्र आकाशात भर दुपारी सूर्य एका चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट एवढी शक्ती ओततो, आणि बाजारात मिळणारी साधी सोलर प्लेट तिच्यातील पाचवा हिस्सा, किंवा त्याहून थोडी कमी, वीज करून देते. म्हणजे सुमारे दोन चौरस मीटरची, एका माणसाला कशीबशी उचलता येणारी एक प्लेट घेतली तर तीनशे-सव्वातीनशे वॅट हाती येण्याची आशा धरावी. गाडी आणि चालक मिळून वजन दोनशे किलोच्या आत ठेवले, चाके सायकलची वापरून त्यांत हवा घट्ट भरली, छर्रे नीट ग्रीस लावून बसविले, तर सपाट जागेवर ताशी वीस किलोमीटरने जाण्यास अशा गाडीला दोनशे ते अडीचशे वॅट पुरतात. अर्थात हे गणित सपाट जागेचे आहे. तीस फुटांत एक फूट चढणारा चढ समोर आला की तीच गाडी त्याच वेगाने नेण्यास दुपटीहून अधिक शक्ती लागते, आणि म्हणून वजनातील एकेक किलो कमी करण्याची बुद्धी ज्या मुलांना सुचेल ती मुले जिंकतील. ज्या विजेवरच्या सायकलींना कायद्याने नोंदणीची सक्ती केलेली नाही त्यांच्यासाठी अडीचशे वॅट आणि ताशी पंचवीस किलोमीटर अशी मर्यादा आहे; आपल्या स्पर्धेनेही मोटरीची शक्ती व गाडीचा वेग यांबाबत हीच मर्यादा स्वीकारावी.

स्पर्धा केव्हा भरवावी, याविषयीही एक समज दूर करणे अगत्याचे आहे. सूर्यावरची गाडी म्हणजे ती वैशाखातच उत्तम पळणार, असे बहुतेकांना वाटते, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा आर्णीच्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी लोपते, तेव्हा प्लेटेवर पडणारे ऊन खरोखरच सर्वांत सरळ असते. परंतु प्लेटेवर लिहिलेली वॅटची संख्या ही ती पंचवीस अंशांवर असतानाची असते, आणि तापमान तेथून एकेक अंश चढले की शंभरातील सुमारे चार दशांश भाग वीज घटत जाते. विदर्भातील मे महिन्यात जी प्लेट दुपारी पासष्ट अंशांवर तापते ती आपल्या शक्तीचा सहावा भाग केवळ उष्णतेत गमावून बसते, मुलांच्या जिवाची काहिली तर वेगळीच. जानेवारीअखेर आपल्याकडे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून बावन्न अंशांच्या आसपास असतो. तेव्हा सपाट ठेवलेल्या प्लेटेला ऊन तिरपे पडून पाचवा हिस्सा कमी मिळतो हे खरे, पण थंड वाऱ्यात ती तापत नाही, आणि प्लेट दक्षिणेकडे कलती करता येईल अशी बिजागरी जो विद्यार्थी बसवील त्याला तो उणा भाग बराचसा परतही मिळविता येतो. सबब स्पर्धा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, अकरापासून तीनपर्यंत व्हावी.

खर्चाचे जे अंदाजपत्रक मी मांडले आहे त्यात सर्वांत मोठी रक्कम प्लेटेचीच आहे. तिला आठ-नऊ हजार धरावेत. चोवीस व्होल्टची, अडीचशे वॅटची, चेनवर चालणारी मोटर आणि तिचा कंट्रोलर यांस चार-साडेचार हजार, ढग आला तर गाडी चालती राहावी एवढ्यापुरत्या दोन लहान बंद बॅटऱ्या आणि चार्जर यांस साडेतीन हजार, आणि उरलेल्या रकमेत स्क्वेअर पाईप, वेल्डिंग, ब्रेक, वायर व रंग बसविता येतो. चाके, फ्रीव्हील, चेन, सीट ही भंगाराच्या दुकानातून यावीत. त्यांचा दर भंगाराचाच धरावा, पण पावती पाहिजे. आज तालुक्यातील कितीतरी शेतांवर सरकारी योजनेतील सौर पंप उभे आहेत, आणि त्यांच्या प्लेटा एखाद्या दिवसापुरत्या काढून आणण्याचा मोह कोणालाही होईल; तो निक्षून वर्ज्य करावा, कारण ती सामग्री अनुदानाची आहे आणि तिच्यावर पाण्याची पाळी अवलंबून आहे.

मर्यादा कागदावर घालणे सोपे, पाळवून घेणे अवघड. सधन पालक मुलाला महाग मोटर आणून देईल आणि पावती स्वस्ताची जोडील, ही शक्यता कोणत्याही तपासनिसाला संपूर्णपणे टाळता येणार नाही. यावर फिनलंड आणि स्वीडन या देशांत सामान्य लोकांच्या जुन्या मोटारींच्या ज्या शर्यती होतात, त्यांत एक विलक्षण शहाणपणाचा शिरस्ता आहे: शर्यत संपल्यावर कोणतीही गाडी ठरलेल्या किमतीला विकत मागण्याचा हक्क इतरांना असतो, आणि मालकाला नाही म्हणता येत नाही. जो आपल्या गाडीत ठरलेल्या किमतीच्या दुप्पट पैसा ओतील त्याला तो अर्ध्या किमतीत गमवावा लागेल, म्हणून कोणी ओतीतच नाही. आपल्या स्पर्धेतही, पहिल्या तीन क्रमांकांच्या गाड्या पंचवीस हजारांना विकत घेण्याचा हक्क तालुक्यातील कोणत्याही शाळेला असावा. यात मुलांवर अन्याय नाही, त्यांचा पैसा वसूल होतो. आणि ज्या शाळेच्या प्रयोगशाळेत विजेचा धडा फळ्यावरच्या आकृतीने संपतो तिच्या आवारात एक चालती गाडी येऊन उभी राहते.

ज्या कारणासाठी मला ही स्पर्धा व्हावीशी वाटते ते मात्र याहून खोल आहे, आणि ते लिहिताना मन जड होते. आपल्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे एका तरुण पत्रा-कारागिराने, शाळा फारशी झालेली नसताना, जुन्या मोटारीचे इंजिन घेऊन एक लहान हेलिकॉप्टर बांधले. ऑगस्ट २०२१ मध्ये, रात्रीच्या चाचणीच्या वेळी, त्याच्याच यंत्राचे पाते निखळून त्याच्या डोक्याला लागले आणि तो गेला. त्या वेळी सर्वांनी त्याच्या जिद्दीची स्तुती केली, आणि ती करण्याजोगीच होती. परंतु मला राहून राहून वाटते, की पाते फिरते असताना माणूस किती हात दूर असावा, जोडाची तपासणी कोणी करावी, चाचणी उजेडात का घ्यावी, हे त्याला अधिकाराने आणि मायेने सांगेल असे एकही ठिकाण या साऱ्या टापूत नव्हते. बुद्धी होती, हात होते, वर्षानुवर्षांची मेहनत होती. तिला घेऊन जावे असा आखाडा नव्हता आणि वस्तादही नव्हता. अशी मुले आजही महामार्गाकाठच्या वेल्डिंगच्या दुकानांत आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या वर्गांत आहेत, आणि अनेक तर शाळा सोडून बसली आहेत. म्हणून ‘विद्यार्थी’ या शब्दाची व्याख्या आपल्या नियमावलीत उदार असावी: सोळा ते एकवीस वर्षांचा कोणीही, तो कोणत्या संस्थेच्या हजेरीपटावर आहे की एखाद्या दुकानात काम शिकत आहे हे न पाहता, संघात घेता यावा.

आणि म्हणूनच शर्यतीच्या दिवसापेक्षा तिच्या आधीचा तपासणीचा दिवस मी अधिक मोलाचा मानतो. दोन स्वतंत्र ब्रेक, चालकाच्या हाताशी वीज तोडणारे बटण, प्रत्येक तारेच्या मुळाशी फ्यूज, झाकलेली चेन, डोक्यावर हेल्मेट, आणि गाडी एका बाजूने तिरपी उचलली तरी न कलंडणारी बांधणी, या बाबी वीज कंपनीतील अनुभवी वायरमन, एखादा निवृत्त फिटर आणि महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे अध्यापक यांनी एकत्र बसून पाहाव्यात. उणीव आढळली तर गाडी बाद करण्याऐवजी ती कशी दूर करावी हे सांगून मुलांना आठ दिवसांची मुदत द्यावी. ज्या संघाला ही मुदत घ्यावी लागली त्याचे गुण कापू नयेत, कारण चुकीची दुरुस्ती शिकणे हाच या उद्योगाचा निम्मा हेतू आहे.

जागेविषयी माझा आग्रह एकच आहे, की नागपूर-तुळजापूर महामार्गाकडे कोणी पाहूसुद्धा नये. त्या रस्त्यावरून दिवसरात्र जड वाहने धावतात. बाजार समितीचे विस्तीर्ण आवार रविवारी मोकळे मिळाले तर उत्तम, नाही तर एखाद्या शाळेचे मैदान रोलर फिरवून तयार करावे. तहसीलदार, पोलीस ठाणे आणि नगर परिषद यांच्याकडे रीतसर अर्ज करून मंजुरी घ्यावी, रुग्णवाहिकेची तजवीज ठेवावी. गर्दीची मला चिंता वाटत नाही. बाबा कंबलपोष यांच्या उरुसाला दूरदूरचे यात्रेकरू वर्षानुवर्षे या अरुणावतीकाठच्या गावात येतात आणि सर्व धर्मांचे लोक मिळून त्यांची व्यवस्था पाहतात. दोरखंड बांधून प्रेक्षकांना वर्तुळाबाहेर ठेवणे अशा गावाला नवे नाही.

लहान मुलांसाठी एक वेगळा गट असावा, असे सुचविणारे बरेच जण भेटले, आणि ते मला पूर्णपणे मान्य आहे. अमेरिकेत माध्यमिक शाळांतील मुलांसाठी हातभर लांबीच्या सौर खेळगाड्यांची वीस मीटरची शर्यत अनेक वर्षे होत आली आहे. तीत प्लेट आणि मोटर सारख्याच प्रतीची, आणि बाकी सारे मुलांच्या कल्पनेवर सोपविलेले असते. पाचशे रुपयांत असा संच बसेल. मुंबईच्या आयआयटीने काही वर्षांपूर्वी सौर अभ्यासदिव्यांचा जो मोठा कार्यक्रम राबविला, त्यात दिवे जोडण्याचे काम खेड्यापाड्यांतील स्थानिक लोकांनी, त्यांत अनेक स्त्रियांनी, शिकून घेतले; तेव्हा तार जोडणे हे मुलींचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्या पालकांचे समाधान करण्यास फार दूर जावे लागणार नाही. प्रत्येक संघात निदान दोन मुली असाव्यात, असे कलम मी नियमावलीत दोन्ही गटांसाठी घातले आहे.

बक्षिसे तीन असावीत: चार तासांत सर्वांत अधिक अंतर कापणाऱ्या गाडीस एक, सर्वांत कमी खर्चात तपासणी उत्तीर्ण झालेल्या गाडीस एक, आणि खर्चाची व दुरुस्त्यांची वही सर्वांत चोख ठेवणाऱ्या संघास एक, तिन्हींची रक्कम सारखी. नियमावलीचा खर्डा तयार आहे. दसऱ्यापर्यंत तो पक्का झाला, तर दिवाळीच्या सुटीत मुलांना सांगाडे जोडता येतील, डिसेंबरमध्ये पहिली तपासणी होईल आणि दुरुस्तीला पुरेसा अवकाश राहील. त्यातील ब्रेकचे आणि फ्यूजचे कलम मात्र माझ्या ज्ञानाच्या पलीकडचे आहे; गावातील वायरमन व वेल्डर मंडळींनी ते वाचून, लाल शाईने खोडून, आपल्या भाषेत पुन्हा लिहून द्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.