पहारा नव्हे, सोबत

मंडणगड तालुक्यातील अनेक घरांचे चित्र सारखेच आहे. कर्ता पुरुष चाकरीसाठी मुंबईत आणि गावच्या घरात आई, आजी-आजोबा व शाळेत जाणारी मुले. पूर्वी मुलाचे मन जड झाले, तर ते आजीच्या नजरेतून सुटत नसे. आज तेच मूल रात्री पांघरुणात भ्रमणध्वनीवर चॅटजीपीटीशी बोलत असते. गणितातल्या शंकेपासून सुरू झालेले हे बोलणे मनातल्या दुःखापर्यंत कधी पोहोचते, याचा घराला पत्ताही नसतो.

हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका १६ वर्षांच्या मुलाने एप्रिल २०२५मध्ये आत्महत्या केली. कित्येक महिने तो आपली व्यथा चॅटजीपीटीला सांगत होता. आईवडिलांना ते कळले त्याच्या मृत्यूनंतर, फोन उघडल्यावर. ऑगस्टमध्ये त्यांनी ओपनएआय कंपनीवर खटला भरला. लांबलेल्या संभाषणात सुरक्षेचे उपाय क्षीण होऊ शकतात, हे कंपनीनेही मान्य केले आणि सप्टेंबरमध्ये पालकांसाठी नियंत्रणाची सोय दिली. पालक आपले खाते मुलाच्या खात्याशी जोडून वापराच्या वेळा ठरवू शकतात, काही सुविधा बंद करू शकतात. मात्र त्यांना संभाषण वाचता येत नाही. गंभीर धोका जाणवला तरच सूचना मिळते. शिवाय मूल ही जोडणी तोडूही शकते.

म्हणजे मुंबईत बसलेला पिता कुलूप लावू शकेल, पण मुलाचे ऐकून घेणारे माणूस घरातच हवे. मग चोरून संभाषणे वाचावीत काय? एकदा विश्वास तुटला की मूल दुसरे खाते उघडते आणि घराशी अधिकच अबोल होते. लहान मुलांनी हे साधन मोठ्यांच्या देखतच, ओटीवर वा माजघरात बसून वापरावे. किशोरवयीनांशी आधी मोकळेपणाने ठरवावे : आठवड्यातून एकदा संभाषणे सोबत बसून पाहू, रात्री फोन आजीपाशी राहील. हे यंत्र तुझ्या ‘हो’ला ‘हो’ म्हणण्याकडे झुकते आणि आत्मविश्वासाने चुकीचेही सांगते, हे त्याला उदाहरणाने दाखवावे. झोप उडाली, जेवण कमी झाले, पडदा लपवला जाऊ लागला, तर रागावण्याआधी विचारपूस करावी. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे; तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही.

याच तालुक्यातील वेळास गावी २००२पासून सागरी कासवांची अंडी कुंपणात जपली जातात. पिल्ले बाहेर आली की पाण्यापर्यंत ती स्वतःच चालत जातात. माणसे कुत्र्या-कावळ्यांना दूर ठेवत शेजारी उभी राहतात. वयात येणाऱ्या मुलांशी पालकांचे वागणे असेच असावे. नव्या साधनांचा समुद्र आपल्याला अडवता येणार नाही. मुलाला त्याच्या काठावर एकटे न सोडणे मात्र आपल्या हाती आहे. त्यासाठी रोजच्या जेवणाच्या पंगतीत सर्वांचेच फोन बाजूला ठेवण्यापासून आरंभ करावा.