पाहुणचार की पारध?

परदेशी शिकावयास गेलेल्या मुलाची पहिली नाताळची सुटी कशी जाते, हे घरच्यांस सहसा कळत नाही. विद्यालय बंद, वसतिगृह ओस, आणि दिवसभर बोलावयास कोणी नाही. अशा वेळी कोणी ख्रिस्ती गृहस्थ म्हणतो, 'चार दिवस आमच्या युवक-संमेलनास चला. राहण्याजेवण्याची सोय आमच्याकडे.' हे वर्तमान गोंदियातील एखाद्या घरी येऊन पोहोचले की दोन उद्गार निघतात. वडील म्हणतात, 'पोरगा हातचा गेला!' काका म्हणतात, 'जेवून यावे; ऐकतो कोण?' आमच्या मते दोन्ही उद्गार सारखेच लाजिरवाणे आहेत. पहिल्यात आपण दिलेल्या संस्कारांवरच अविश्वास आहे, दुसऱ्यात यजमानाची वंचना. परंतु पाहुण्यास व त्याच्या घरच्यांस शिकवण्यापूर्वी यजमानाचाही हिशेब घेतला पाहिजे.

ही संमेलने नवी नव्हेत. १८९५ साली स्वीडनमधील वाडस्टेना येथे जगातील ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा संघ स्थापन झाला. १९०७ साली त्याची परिषद थेट तोकियोस भरली. १९३९ च्या उन्हाळ्यात, महायुद्धाचा भडका उडण्यापूर्वी थोडेच आठवडे, अनेक देशांचे ख्रिस्ती तरुण ॲम्स्टरडॅम येथे एकत्र जमले. राष्ट्राराष्ट्रांतील भिंती ओलांडण्याची ही धडपड थोर होती, हे कोण नाकारील? तथापि १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत आझरिया या भारतीय ख्रिस्ती धर्मोपदेशकाने यजमानांस तोंडावर ऐकवले की, तुमच्या त्यागाबद्दल आम्ही ऋणी आहोत, पण आम्हांस हवे आहेत ते मित्र. ही तक्रार परक्याची नव्हे, घरच्याची होती. म्हणूनच ती झोंबली.

मित्र आणि आश्रयदाता यांत अंतर कोणते, ते महाराष्ट्राने आपल्याच दोन माणसांच्या आयुष्यात पाहिले आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या, वाँटेजच्या भगिनींकडे उतरल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी त्रैक्याच्या मतावर शंका काढल्या, मुलीच्या शिक्षणात स्वतःचा शब्द राखला, तेव्हा ममतेच्या जागी अधिकाराची भाषा आली. ज्यांनी आसरा दिला, त्यांनी आज्ञापालनही अपेक्षिले. रमाबाईंनी ख्रिस्त सोडला नाही. पण आपली विवेकबुद्धीही कोणाच्या पायाशी ठेवली नाही.

दुसरे उदाहरण विठ्ठल रामजी शिंदे यांचे. युनिटेरियन मंडळींच्या साहाय्याने ते १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करावयास गेले. १९०३ साली ॲम्स्टरडॅम येथे उदारधर्मीयांची परिषद भरली, तेव्हा हा विद्यार्थी श्रोत्यांच्या बाकावर बसून राहिला नाही. हिंदुस्थानातील उदार धर्मावर त्याने स्वतःचा निबंध वाचला. तो परतला तो प्रार्थनासमाजाचाच प्रचारक म्हणून, आणि १९०६ साली त्याने अस्पृश्योद्धाराचे मिशन उभे केले. येथे देणाऱ्याने शिष्य मोजले नाहीत. म्हणून त्याचे देणे फळाला आले.

यावर आक्षेप येईल की, ज्यास सत्य सापडले त्याने ते सांगू नये काय? अवश्य सांगावे! १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावास जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नारायण वामन टिळकांस नवा करार दिला. तो मार्ग आमच्या गोंदियावरूनच जातो. त्या गृहस्थाने आपले मत झाकले नाही, तिकीट काढून दिले नाही, नावही मागे ठेवले नाही. टिळकांनी स्वतः वाचले, स्वतः झगडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. हा प्रचार उघड होता आणि निर्लोभ होता.

मात्र त्या निर्णयाची झळ लक्ष्मीबाईंस काही वर्षे पतिवियोगाने सोसावी लागली, हेही विसरता कामा नये. आईबापांची भीती निव्वळ खुळी नव्हे. विद्यार्थी मंडपात एकटा दिसतो; त्याच्यामागे एक घर उभे असते. ज्या संमेलनास ते घर दिसत नाही, त्याने प्रेमाचे नाव घेऊ नये.

म्हणून यजमानांस आमचे सांगणे स्पष्ट आहे. आमंत्रण कोणाचे व कशासाठी, हे पहिल्याच ओळीत लिहा. नाताळच्या मेजवानीआड प्रवचन दडवू नका. पाहुण्यास व्यासपीठावर जागा द्या, त्याच्या शंकेस वेळ द्या, आणि तो 'नाही' म्हणाला तरी पुढल्या रविवारी त्याचे दार ठोठवा. खरी कसोटी त्या रविवारीच लागते. टिळकांनी १९१७ साली उभारलेल्या 'देवाच्या दरबारा'त बाप्तिस्मा झालेल्यांस व न झालेल्यांस सारखाच प्रवेश होता. ख्रिस्ती संमेलनास याहून ख्रिस्ती नमुना परदेशातून आणावयास नको.

आणि घरच्यांस? मुलास जाऊ द्या. मात्र ज्या घरात धर्मावर प्रश्न विचारताच ताटावरून उठवतात, त्या घरचा मुलगा परक्याच्या पहिल्या गोड शब्दाने वाहून गेला, तर दोष त्या शब्दाचा म्हणावा की या घराचा? पारध्यास पारधी म्हणण्यापूर्वी आपल्या घराचे दार आपणच बंद केले नव्हते ना, एवढे पाहावे.