उपयोग काय? काही नाही!

परवा कॅन्टीनमध्ये मी एक थाप मारली.

टीममधल्यांना एका मूळ संख्येबद्दल सांगत होतो. २ हा अंक १३,६२,७९,८४१ वेळा मांडायचा, सगळे एकमेकांशी गुणायचे आणि उत्तरातून १ वजा करायचा. ही संख्या मूळ आहे हे ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट या अमेरिकन गड्याने 'गिम्प्स' प्रकल्पात शोधून काढलं. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक वाचला तरी दिवसरात्र मिळून जवळपास ४७५ दिवस!

सगळे ऐकत होते. मग एकाने विचारलं, "ते ठीक आहे रे, पण उपयोग काय?" मी पटकन म्हणालो, "अरे, एन्क्रिप्शनला लागतात ना असल्या संख्या!" माना डोलल्या, विषय संपला.

साफ खोटं! आरएसएच्या नेहमीच्या २०४८ बिटांच्या किल्लीत साधारण ३०९ अंकी दोन मूळ संख्या असतात. त्याही रँडम निवडलेल्या आणि गुप्त. जगजाहीर संख्या तिथे वापरायची म्हणजे घराची किल्ली चौकातल्या फ्लेक्सवर टांगायची. शिवाय चार कोटी अंकांचे गुणाकार करत बसलं तर तुमचं पेमेंट कधी होणार?

मग मी खोटं का बोललो? कारण खरं सांगायची लाज वाटली. खरं एवढंच, की ती संख्या भन्नाट आहे. बायनरीत लिहा: ओळीने १३,६२,७९,८४१ एक, मध्ये एकही शून्य नाही. शेवटचा अंक तर तोंडी सांगता येतो. २ चे घात २, ४, ८, ६ असे आलटून पालटून संपतात. आपल्या घातांकाला ४ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणजे शेवटी २, आणि एक वजा केला की १. तिला २ च्या १३,६२,७९,८४० व्या घाताने गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते, ६ आणि २८ च्या घराण्यातली, जिचे (ती स्वतः सोडून) सगळे विभाजक मिळवले की तीच परत येते. ही युक्ती युक्लिडची!

कुणी म्हणेल, १९९४ मध्ये पेंटियमचा भागाकाराचा बग मूळ संख्यांच्या नादातच सापडला की. सापडला ना. पण थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या मागे होता, बगच्या नाही. फायदा वरकड होता. तो झाला नसता तरी त्या नादाची किंमत कमी झाली नसती.

आपण आधी "परीक्षेला येणार का?" विचारलं, नंतर "पॅकेज किती?" (मीही त्यातलाच). आणि आता उपयोग नसलेली गोष्ट आवडते म्हणायलाही खोटं कारण लागतं? हेच आपण शनिवारी पहाटे उठून राजगड चढतो. वर काय मिळतं? घाम आणि वारा. तिथे नाही कुणी थाप मारत!

असो. सोमवारी कॅन्टीनमध्ये चूक दुरुस्त करणार आहे. "उपयोग काय?"

काही नाही. पुढचं ऐकायचंय का?