विलायतेंतील मिष्टान्नें

मुलांच्या भेटीस विलायतेस जाणाऱ्या वाचकांनीं तेथील मिष्टान्नांची गोडी अवश्य घ्यावी. मात्र नांवावर विसंबूं नये. नाताळच्या ‘मिन्स पाय’मध्यें आज मांस नसून मनुका व मसाले असतात, तथापि परंपरेनें त्यांत ‘सुएट’, म्हणजे बहुधा गाईबैलांच्या मूत्रपिंडाभोंवतालची चरबी, पडते. ख्रिसमस पुडिंगचेंही तेंच. स्कॉटलंडचें ‘शॉर्टब्रेड’ मैदा, लोणी व साखर यांचें. आपल्या नानकटाईचें भावंडच. ‘क्रंबल’मध्यें सफरचंदांवर याच तिहींचा चुरा पसरून भाजतात. सोबतचें कस्टर्ड मूळचें अंड्याचें. परंतु पत्नीस अंडें सोसत नसल्यानें बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनें १८३७ सालीं मक्याच्या पिठाचें बिनअंड्याचें कस्टर्ड सिद्ध केलें. तेव्हां चरबी कोणती, अंडें आहे काय, हें आधींच विचारावें. वाढलेलें पानांत टाकण्यापेक्षां पूर्वीं विचारणें, यांतच यजमानाचा मान आहे.