आधी स्टूल, मग ड्रम



आमच्या ओळखीतले एक घर जळगावात आहे. थोरला मुलगा दिवसा डाळ मिलमध्ये पोती उचलतो आणि रात्री भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. एप्रिल महिना म्हणजे त्याची सुगी. एकदा एरंडोलकडच्या एका गावी कार्यक्रम होता. टेम्पोतून सामान उतरवले तर ड्रमसेटचे स्टूल सापडेना. मंडपवाल्याची प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि पोरगा पहाटेपर्यंत वाजवत राहिला. मग ती खुर्चीच कायमची झाली. महिन्याभराने कंबर अशी धरली की पोते उचलणे सोडाच, त्याला वाकून चप्पलही घालता येईना. पंधरा दिवसांची हजेरी बुडाली.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "भाऊ, आग लागो त्या ढोलले. पोऱ्यानी कंबर गई."

माउलीचा राग आम्हाला समजतो. ज्या घरात कंबरेच्या जोरावर चूल पेटते, तिथे कंबर धरणे म्हणजे चूल विझणे. पोती उचलून शिणलेली कंबर रात्रभर पुन्हा वाकडी बसत होती. पण त्यात दोष ढोलाचा नव्हता, खुर्चीचा होता. म्हणून या आठवड्यात ड्रमसेट आपल्या अंगाच्या मापाने कसा मांडावा, हे सांगावे असे आम्ही ठरवले.

आपल्या जुन्या जलशांत ड्रमसेट नव्हता. ढोलकी, तुणतुणे, झांज एवढ्यावर गावोगावी बाबासाहेबांचा विचार पोहोचला. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या मागे ढोलकी वाजली, ती मांडीशी धरून. ढोलकी वाजवणाऱ्याच्या मांडीला आपोआप जुळते. ड्रमसेटचे तसे नाही. पूर्वी बॅण्डमध्ये बिग ड्रम एकाने, साइड ड्रम दुसऱ्याने आणि झांजा तिसऱ्याने वाजवायच्या. पुढे पायाने वाजवायचे पेडल आले. १९०९ साली अमेरिकेतल्या शिकागोचे विल्यम लुडविग यांनी वेगाने चालणारे सुटसुटीत पेडल तयार केले. ते स्वतः ड्रम वाजवणारे होते. अशी साधने आल्यावर तिघांचे काम एकाच्या अंगावर आले. दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात गुंतले म्हणजे शरीराचा तोल सांभाळायला फक्त बैठक उरते. बैठक चुकली की सगळा भार कंबरेवर येतो.

आता मांडणी पाहू. मुख्य नियम एकच आहे. आपण ड्रमकडे वाकायचे नाही, ड्रमला आपल्याकडे आणायचे.

सुरुवात स्टुलापासून करावी, तेव्हा समोर एकही ड्रम नको. स्टुलावर सरळ बसा, दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेका. मांडी कंबरेकडून गुडघ्याकडे किंचित उतरती हवी, म्हणजे गुडघा कंबरेच्या सांध्यापेक्षा दोन-तीन बोटे खाली. गुडघे वर आले तर स्टूल बुटके आहे. अशा वेळी पाठीला पोक येतो आणि पेडल मारताना प्रत्येक वेळी अख्खी मांडी उचलावी लागते. प्लास्टिकच्या खुर्चीत नेमके हेच होते. शिवाय तिचे हात कोपरांना अडतात. उलट, पाय टेकवायला चवडे ताणावे लागत असतील तर स्टूल उंच आहे. बसताना भार बैठकीवर हवा. स्टुलाची कड मांडीखाली रुतली की पायाला मुंग्या येतात.

मग पाय जिथे सहज पडतात तिथेच पेडल आणा. उजव्या पायाखाली बेस ड्रमचे, डाव्या पायाखाली हाय-हॅटचे. पाऊल गुडघ्याच्या किंचित पुढे असावे. पाय फार लांबवावा लागला तर कंबर पुढे घसरते. फार जवळ आला तर घोटा आखडतो. डावखुऱ्याने ही मांडणी खुशाल उलटी करावी.

साइड ड्रम दोन गुडघ्यांच्या मध्ये ठेवावा. त्याची कड मांडीच्या तीन-चार बोटे वर, साधारण बेंबीच्या रेषेत येते. खांदे सैल सोडा, कोपरे अंगाजवळ लोंबू द्या. काडीचे टोक ड्रमच्या मध्यावर आपसूक पडले तर उंची बरोबर. हात मांडीवर आपटत असेल तर ड्रम वर घ्या. खांदे कानाकडे चढत असतील तर खाली घ्या. हाय-हॅट त्याहून वीतभर उंच ठेवावी, म्हणजे दोन्ही हात एकमेकांवरून जाताना काड्या अडकणार नाहीत.

वरचे दोन टॉम शक्य तितके खाली आणि जवळ घ्यावेत, आपल्याकडे थोडेच कललेले. फार कलवले की काडी कातड्यावर आडवी न पडता टोचते आणि खड्डे पडतात. बाजूचा मोठा टॉम साइड ड्रमच्याच उंचीला आणा. झांजा मात्र आपली पोरे आरशासारख्या उंच लावतात. पाहणाऱ्याला ते छान दिसते, पण रात्रभर हात वर उचलून खांदा भरून येतो. कोपर थोडे वाकलेले असताना काडी पोहोचली पाहिजे. झांजेवरचा नटही करकचून आवळू नये. तिला हलायला जागा राहिली नाही की ती तडकते, आणि नवी झांज घ्यायची म्हणजे कितीतरी दिवसांची मजुरी गेली.

घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी शिकत असेल तर तिला दादाच्या मापावर बसवू नका. तिच्यासाठी स्टूल आणि साइड ड्रम दोन्ही खाली घ्या. मुलगी "जमत नाही" म्हणते तेव्हा पुष्कळदा ड्रमच तिच्या मापाचा नसतो.

भाड्याच्या सेटवर माप रोज मोडते, त्यावर आमचा उपाय फुकटातला आहे. घरी एकदा सगळे नीट जमले की एक जाड नाडा घ्यावा. जमिनीपासून स्टुलापर्यंत माप घेऊन एक गाठ मारावी, साइड ड्रमच्या कडेपर्यंत दुसरी आणि हाय-हॅटपर्यंत तिसरी. नाडा खिशात ठेवावा. कोणत्याही गावी पाच मिनिटांत आपली बैठक आपल्याला परत मिळते. सेट स्वतःचा असेल तर खाली सतरंजी टाकून पायांच्या जागी आणि नळ्यांवर रंगाच्या खुणा कराव्यात. सतरंजीमुळे बेस ड्रम पुढे सरकत नाही.

मिरवणुकीत चालताना वाजवणाऱ्यांनाही हाच नियम आहे. पट्टा लांब सोडला की ड्रम मांडीवर आपटतो आणि माणूस पुढे वाकतो. आखूड केला की कोपरे वर येतात. ताशाचा पट्टा नुसता मानेवर न घेता पाठीवरून फिरवून घ्यावा.

धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा तिथे राहिले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते. त्या दिवशी आमचा तो मुलगा तिथे आला होता. वस्तीतल्या वेल्डिंगवाल्याकडून त्याने भंगारातल्या पाइपचे स्टूल करून घेतले होते, नाड्याच्या मापाने. वर आईने जुन्या लुगड्याची घडी शिवून गादी केली होती. आम्ही विचारले, "कंबर कशी आहे?" तो हसला आणि म्हणाला, "पोतं उचलताना दुखते अजून. वाजवताना नाही."

ते 'अजून' विसरू नका. दुखणे आठवड्याहून जास्त टिकले, किंवा कळ पायात उतरली, पाय बधिर झाला, तर तेल चोळत बसू नये. सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवावे.

आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांना गावकीचा हुकूम म्हणून वाजवावे लागले, तेव्हा त्यांच्या पाठीचा विचार कोणी केला नाही. आज आपली मुले स्वतःच्या आवडीने वाजवतात. त्यांच्या पाठीचा विचार आता आपणच करायचा आहे.

जयभीम.