आंजी (मोठी)चा सातबारा : रकाना कोण आखतो?

१/ वर्धा तालुक्यातील आंजी (मोठी) या गावाचे नाव कंसाशिवाय पुरे होत नाही. बोलताना कंस कोणी उच्चारत नाही, तो दप्तरातला. एकाच नावाची गावे कागदावर एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मोठी-लहान, खुर्द-बुद्रुक अशा खुणा लागतात आणि पुढे त्याच गावाची ओळख होऊन बसतात. दप्तर वास्तवाची नोंद घेते, असा समज आहे. वर्धा जिल्ह्यात याच्या उलटही घडले आहे.

२/ भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील सरकारसाठी सारा गोळा करी. गाव त्याच्या मालकीचे नव्हते. इंग्रजांनी १८६० च्या दशकातील जमाबंदीत मध्य प्रांतातील अशा सारा भरणाऱ्यांना मालकी हक्क बहाल केले. एका रकान्याचे शीर्षक बदलले आणि मालगुजार नावाचा वर्ग उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा त्याच्या दारात कूळ झाला. हा रकाना पुसण्यासाठी १९५० चा कायदा यावा लागला आणि १९५१ मध्ये त्याची अंमलबजावणी व्हावी लागली. तंत्रज्ञान म्हटले की यंत्र आठवते. पण आखलेला कोरा नमुना हेही राज्यकारभाराचे तंत्रज्ञानच आहे, आणि बहुधा यंत्राहून अधिक चिवट.

३/ चिवटपणाचे एक गमतीदार उदाहरण मुंबई इलाख्यातले. तिथल्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळी केव्हाच अडगळीत गेली, दप्तरात हेक्टर-आर आले, तरी प्लॉटचे व्यवहार आजही गुंठ्यातच ठरतात.

४/ १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली आणि गाव नमुना ७ व १२ मिळून होणारा सातबारा वर्ध्यातही रुळला. सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पीक. पटवाऱ्याचा तलाठी झाला, कागदावर ‘प. ह. नं.’ ही पटवारी हलक्याची खूण मात्र राहिली.

५/ मग संगणक आला. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात घालवावे लागणारे दिवस वाचले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण चूकही तितक्याच सहजतेने स्वाक्षरीत झाली. लेखनप्रमाद दुरुस्त करायचा तर कलम १५५ खाली अर्ज, चौकशी, आदेश. प्रत क्षणात निघते, दुरुस्तीला मात्र जुनाच वेग.

६/ १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी सुरू झाली आणि नमुना १२ शेतकऱ्याच्या मोबाईलवर गेला. आपले पीक आपणच नोंदवायचे, बांधावरून छायाचित्र काढायचे. याला शेतकऱ्याचे सक्षमीकरण म्हटले गेले. अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे की, ज्या कामासाठी राज्य पगारी माणूस ठेवत होते, ते काम बिनपगारी शेतकऱ्याकडे सरकले. नोंद राहिली तर दोषही त्याचाच. मोबाईलवरून न झालेल्या नोंदी पूर्ण करण्यासाठी पुढे सहायकांची सोय करावी लागली, यातच पहिल्या गृहीतकाची कबुली आहे.

७/ आंजीसारख्या कपाशी-तूर-सोयाबीनच्या गावात हा प्रश्न चर्चेपुरता उरत नाही. सीसीआयच्या खरेदीत हमीभाव हवा तर सातबाऱ्यावर कापसाची नोंद लागते. दुसऱ्याचे शेत ठेक्याने किंवा बटईने करणाऱ्याचे नाव नमुना ७ वर नसते. बियाणे त्याचे, फवारणी त्याची, कर्ज त्याचे; पीक मात्र जमीनमालकाच्या खात्यावर उगवते. हा दोष ॲपमध्ये शोधून सापडणार नाही. ज्या नमुन्यावर ॲप बेतले, त्यातच तो माणूस नव्हता. आज्ञावली लिहिणाऱ्याने रकाने जसेच्या तसे उचलले, आणि जुनी राजकीय निवड तांत्रिक अपरिहार्यता बनून पुढे आली.

८/ शेतात राबणाऱ्या बाईचेही तेच. शेतकरी संघटनेने १९८९ नंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि शरद जोशींच्या सांगण्यावरून अनेक पुरुषांनी जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. त्यासाठी नवा नमुना लागला नाही, नवे यंत्रही नाही. भोगवटादाराच्या रकान्यात तिचे नाव लिहिण्यास आधीही कोणता कायदा आड येत नव्हता.